नळीतलं तांबडं तेल

बा, ती बिनक्लचची गाडी अजून आपल्याच अंगणात उभी आहे, आणि तिच्यापायी मला काही गोष्टी तुझ्याशी बोलायच्या आहेत. दुसऱ्या कोणाशी बोलता येत नाहीत म्हणून तुझ्याशी. घरात आपण बंजाऱ्यांच्या गोरबोलीतच बोलायचो, आईला याडीच म्हणायचो, आणि याडीशी मी अजूनही तिच्यातच बोलते; पण कागद पुढे घेतला की हातातून शाळेतली मराठी उतरते, आणि माणसं बोलायला लागली की वऱ्हाडी. तेवढं समजून घे. तुला वाचता येत नव्हतं. कागद कुठलाही आला तरी तो तुला मीच वाचून दाखवायची, आणि तू मध्येच थांबवून म्हणायचास, हळू वाच, मले समजून घेऊ दे. तर हळूच सांगते.

तू गेल्यानंतर सगळ्यांनी सांगितलं की ही गाडी भंगारात काढा. पेट्रोल पिते, सुटे भाग मिळत नाहीत, आणि क्लचच नाही म्हटल्यावर तांड्यातल्या कोणाला तिचा भरवसाही नाही. खाणीच्या ठेकेदारानं बाहेरदेशातून आणलेली गाडी, तो काम गुंडाळून गेला तेव्हा तू ती लिलावात घेतलीस, आणि घरी आणली त्या दिवशी याडीनं तिला ओवाळताना विचारलं होतं, "हिचा तिसरा पाय कुठे गेला?" ब्रेक आणि रेस, दोनच पायट्या होत्या ना, म्हणून. भावानं ती विकली नाही. वर्षभर ती झाकून ठेवतो आणि कापूस वेचायचे दिवस आले की काढतो. तांड्यातल्या बायांना मागे बसवून राळेगावकडच्या वावरांमध्ये पोचवायचं आणि दिवस कलला की परत आणायचं. मीही त्यांच्यातच जायची. दिवसा वेचणी, आणि संध्याकाळी माझी पिठाची गिरणी. कॅबिनमध्ये भावाच्या शेजारी माझी जागा ठरलेली, कारण लहानपणापासून ती माझीच होती आणि ती मी कोणालाही दिली नसती.

यंदा दिवाळीनंतर गाडी काढली तेव्हापासून तिचं काही खरं नव्हतं. उभ्या-उभ्या थरथरायची. चालू केली की मागून पांढरा धूर, आणि मग मिसिंग, जणू एक घास घशात अडकलाय. गेअर आपोआप पडायला हवा तो उशिरा पडायचा, आणि पडला की मागच्या बाया एकमेकींवर आदळायच्या आणि भावाच्या नावानं शिव्या द्यायच्या. गेअरचं तेल कमी व्हायचं. भाऊ भरायचा, पुन्हा कमी. खाली जमिनीवर मात्र एक थेंब नाही. तो खाली वाकून पाहायचा आणि म्हणायचा, "कोनी काढून तं नाई नेत?" मी हसले होते तेव्हा. कोण नेणार आहे, भजी तळायला? आता ते हसू आठवलं की अंगावर काटा येतो. तेल कुठे जातंय हे विचारायला हवं होतं आणि आम्ही चोर शोधत होतो.

मग तो दिवस आला. तांड्याखालचा उतार तुला माहीत आहे, शेवटी वळण आणि वळणावर नाल्याचा पूल, पुलाला कठडा तेव्हाही नव्हता आणि आताही नाही. सकाळची वेळ, मागे गाडीभर बाया, गप्पा चाललेल्या. उतार लागला आणि भावानं गाडी न्यूट्रल केली. सगळेच करतात इकडे, उतारावर फुकटात उतरायचं, तेवढंच पेट्रोल वाचतं. तू कधी करायचा नाहीस. गाडी पळायला लागली, आणि इंजिन दोनदा हुंदकलं आणि बंद पडलं. मला आधी कळलंच नाही. एकदम शांत झालं, एवढंच. मागच्या बायांचं बोलणं मला शब्दन् शब्द ऐकू आलं, कोणाच्या तरी सुनेची गोष्ट चालली होती. मग मी भावाकडे पाहिलं. तो दोन्ही पायांनी ब्रेकवर उभा होता, अक्षरशः सीटवरून उठलेला, आणि पायटी खाली जात नव्हती. स्टिअरिंग वळत नव्हतं. त्यानं हँडब्रेक ओढला, करकर आवाज झाला, वेग थोडा मोडला पण गाडी थांबेना. पूल समोर आला. रस्त्याच्या कामासाठी पुलाच्या अलीकडे मुरमाचा ढीग टाकलेला होता. आम्ही दोघांनी मिळून स्टिअरिंग ओढलं, आणि गाडी त्या ढिगात नाक खुपसून उभी राहिली.

कोणाला काही झालं नाही. एकीचं कोपर खरचटलं, एकीचा डबा सांडला. आणि मग बाया हसायला लागल्या, बा. एक म्हणाली, "काय ड्रायव्हर हाय बापा, मुरूम खाऊ घालते गाडीले." भाऊही हसला. "काई नाई झालं," म्हणाला, "थोडीशी मिसिंग करून राह्यली." सगळ्या मिळून त्यांनी मुरूम उकरला, गाडी मागे घेतली, आणि आम्ही वेचणीला गेलो. मी दिवसभर कापूस वेचला.  पाणी प्यायला गडवा तोंडाला लावला तर दातांवर वाजला. शेजारची म्हणाली, थंडी वाजते का? मी हो म्हणाले. ऊन डोक्यावर होतं.

मला तेव्हा दुसरा उतार आठवत होता. मी चौथी-पाचवीत असेन. तू तेव्हा ठेकेदाराकडे हीच गाडी चालवायचास आणि सुट्टीच्या दिवशी मला पुढे बसवून केळापूरकडे घेऊन चालला होतास. भाऊ याडीच्या कडेवर होता तेव्हा, घरीच. मला फक्त एवढं दिसलं की तुझा पाय ब्रेक दाबतोय आणि तुझ्या मानेची शीर फुगली आहे. तू दांडी खालच्या गेअरला ओढलीस, इंजिन किंचाळलं, आणि तू गाडी रस्ता सोडून नांगरलेल्या वावरात घातलीस. ढेकळांमध्ये ती हेलपाटत थांबली. मला लय मजा वाटली. मी टाळ्या वाजवल्या. तू माझ्याकडे नुसतं पाहिलंस. बराच वेळ तू दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसला होतास. ते का, हे मला परवा मुरमाच्या ढिगात कळलं.

घरी आल्यावर मी तांडाभर सांगत फिरले. ब्रेक नव्हता तरी बानं गाडी थांबवली, बा जरासा बी भ्याला नाही. संध्याकाळी सगळे तांड्याच्या नायकाच्या ओट्यावर बसले होते, कोणीतरी तुझं कौतुक केलं, आणि तू मला बोलावलंस. सगळ्यांसमोर. मला वाटलं शाबासकी. तू म्हणालास, "मले भेव वाटलं होतं. हातपाय गळाले होते माये. तू खोटं काहून सांगून राह्यली?" मी म्हणाले, मला नव्हतं माहीत. "माहीत नाई तं सांगाचं नाई. अन् भेव वाटलं तं वाटलं म्हनाचं, चारचौघांत म्हनाचं. नाई तं उद्या कोनी बी तुया भरवशावर गाडीत बसन." मी रडत याडीकडे पळाले. किती तरी दिवस तुझ्याशी बोलले नाही. सगळ्यांसमोर मला लाजवलंस असं वाटायचं. स्वतःलाच लाजवत होतास, हे कळायला वय गेलं.

त्यानंतर तुझी ती सवय सुरू झाली. घरी आलास की गाडी बंद करायचास, खाली उतरून बोनेटला टेकून एक बीडी ओढायचास, बीडी संपली की पुन्हा वर चढून एकदा ब्रेक दाबायचास, आणि मग घरात यायचास. याडी चिडायची, चहा थंड होतो म्हणून. डॉक्टरानं बीडी बंद केली तेव्हा न पेटवलेली बीडी ओठात धरून तेवढाच वेळ उभा राहायचास. एकदा मी विचारलं. तू मला वर चढवलंस, माझा पाय पायटीवर ठेवलास आणि वरून तुझा पाय. म्हणालास, "इंजिन हवा ओढते. ते ओढच आपल्या पायाले जोर देते. इंजिन बंद झालं तरी थोडी ओढ ब्रेकच्या डब्यात साठून राह्यली पाह्यजे. बीडीभर थांबाचं अन् मंग दाबाचं. पह्यला दाब नरम लागला तं डबा धरून आहे. पह्यलाच दाब दगड लागला, तं सकाळी गाडी हालवाची नाई." पायाखाली पायटी मऊ जायची, दुसऱ्यांदा थोडी कमी, मग घट्ट. मला तो खेळ वाटायचा.

आता ऐक आम्ही काय केलं ते. भाऊ तेव्हा लहान, त्यानं फक्त पाहिलं की बा ब्रेकला पाय लावल्याशिवाय राहत नाही. तू गेल्यावर त्यानं ते उचललं. रोज सकाळी गाडी चालू करतो, चालू इंजिनवर एकदा ब्रेक दाबतो, मग स्टिअरिंगला हात लावून कपाळाला लावतो. बा असंच करे, म्हणतो. दसऱ्याला आम्ही त्या पायटीला कुंकू लावतो, झेंडूचं फूल ठेवतो. मीही लावते. मला खरं काय ते माहीत होतं, आणि मीही कुंकू लावत होते, कारण तो भक्तीनं करायचा आणि मला ते पाहून भरून यायचं. चालू इंजिनवर पायटी मऊ लागणारच, त्यातून काही कळत नाही. तू तपासत होतास आणि आम्ही पाया पडत बसलो.

त्या दिवशी घरी आलो तेव्हा भावानं लोहाऱ्याहून मेकॅनिक बोलावला. त्यानं कार्बोरेटर खोलून साफ केला, बसवला, गाडी जरा बरी वाजायला लागली. भाऊ खूश. "झालं," म्हणाला, "उद्या नेतो बायाइले." मी गिरणीच्या दारातून ऐकत होते. थरथर कमी झाली होती, गेली नव्हती. माझ्या कानाला दिवसभर मोटर ऐकायची सवय आहे, पट्टा सैल झाला तर मला शेजारच्या घरात बसून कळतं. पण काय बोलणार, तो म्हणणार, ताई, तुले उगाच भेव वाटते. भाऊ जेवायला बसला तेव्हा खुंटीवरची चावी मी काढली आणि कमरेला खोचली.

सकाळी बाया येऊन उभ्या राहिल्या. भाऊ घरभर चावी शोधतोय, खाटेखाली, पिठाच्या डब्यात, याडीच्या लुगड्याच्या घडीत. मीही त्याच्याबरोबर शोधते आहे, बा, वाकून-वाकून, आणि ती माझ्या कमरेला टोचते आहे. दिवस वर आला तशा बाया कुरकुरत परत गेल्या. एक जाता-जाता म्हणाली, "दुसऱ्या तांड्याची गाडी कवाच गेली." भाऊ रागानं लाल. शेवटी मेकॅनिकलाच आणतो, कुलूप उघडून देईल, असं म्हणत तो लोहाऱ्याला जायला एसटीकडे निघाला. त्याची पाठ दिसेनाशी झाली आणि मी चावी काढली. याडी समोरच बाजेवर बसली होती. तिनं पाहिलं. 

मी आधी चाकांना दगड लावले, चारही चाकांना, पुढून आणि मागून. पुढे पाहिलं तर याडीची बाज नेमकी गाडीच्या तोंडासमोर. म्हटलं, याडी, तिथून ऊठ, ऊन आलंय. "मले दिसते कोनतं ऊन आलं ते," ती म्हणाली, पण उठली, बाज ओढत नेली. मी वर चढले. तुझ्या जागेवर मी एकटी कधीच बसले नव्हते. गाडी चालू केली, थोडी रेस दिली, बंद केली. खाली उतरले. बीडी नव्हती माझ्याकडे, बोनेटला टेकून नुसती उभी राहिले, तू राहायचास तेवढीच. मग वर चढून पाय ठेवला. पहिलाच दाब दगड. पुन्हा केलं. पुन्हा दगड.  म्हणजे त्या उतारावर, इंजिन बंद पडल्याबरोबर, भावाच्या पायात फक्त त्याचाच जोर होता आणि मागे गाडीभर बाया होत्या.

मग बोनेट उघडलं. तू नळीचा तुकडा कानाला लावून इंजिनभर फिरवायचास, तसा मी गिरणीतला पाण्याचा पाइप कापून घेतला. चालू इंजिनमध्ये वाकायची भीती वाटत होती, पदर आवळून बांधला, पंख्यापासून हात लांब ठेवला. ब्रेकच्या डब्याकडे जाणाऱ्या जाड नळीपाशी सूं ऐकू आलं. नळी हाताला फुगलेली, चिकट लागली. रबर कशानं तरी सडलं होतं. तिच्याच तोटीतून एक बारीक नळी खाली गेअरच्या पेटीकडे जाते, पेटीवर एक लहानशी डबी आहे, इंजिनची ओढ पाहून ती गेअर कधी बदलायचा ते ठरवते. तूच दाखवली होतीस. ती बारीक नळी मी पकडीनं चिमटली. आणि बा, इंजिन शांत झालं. थरथर गेली. सोडली की पुन्हा थरथर, चिमटली की शांत. मी तीन-चारदा तेच करत राहिले, रडत होते की काय ते मला माहीत नाही. गाडी बंद केली, नळी उपसली आणि खाली वाटी धरली. वाटीत तांबडं तेल ठिबकलं.

गेअरचं तेल. खाली पडत नव्हतं कारण इंजिनच ते पीत होतं. त्या डबीतला पडदा फाटला होता, इंजिनची ओढ तेल वर खेचत होती. तोच तो पांढरा धूर, तेच मिसिंग, तेच उशिरा पडणारे गेअर. आणि तेच तेल जाड नळीत शिरून ब्रेकच्या डब्यातली ओढ धरून ठेवणारा वॉल खाऊन गेलं होतं. सगळं एकच दुखणं होतं, आणि आम्ही वरून तेल भरून त्यालाच पाजत होतो.

भाऊ मेकॅनिकला घेऊन आला तेव्हा चावी गाडीलाच होती. त्यानं आधी चावीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "तुयाजवळ होती?" मी हो म्हणाले. "मंग सांगाचं नाई का? बायाइची मजुरी बुडाली न." मी वाटी पुढे केली. त्यानं बोट बुडवलं, वास घेतला. "हे तं गेअरचं आहे." "इंजिनच्या नळीतून निंगालं," मी म्हणाले. मेकॅनिक वाकला, पाहिलं, आणि म्हणाला, बरं झालं, वेळेवर दिसलं. मग मी भावाला बीडीची गोष्ट सांगितली, माझ्या पायावर पाय ठेवून दाखवली होतीस ती. तो पायटीकडे पाहत राहिला. कुंकू अजून होतं तिच्यावर. "मले कोनी सांगितलंच नाई," तो म्हणाला. एवढंच. मला त्याच्या डोक्यावरून हात फिरवावासा वाटला, पण तो आता पन्नाशीकडे आलेला माणूस आहे.

डबी नागपूरच्या जुन्या मालातून मिळाली, नळ्या आणि वॉल नवे टाकले. उतारावर न्यूट्रल करणं भावानं सोडलं. रोज संध्याकाळी बोनेटला टेकून उभा राहतो, बीडी ओढत नाही, मोबाइल पाहतो, मग चढून ब्रेक दाबतो आणि मला गिरणीत ओरडून सांगतो, "नरम आहे." मी स्वतः जाऊनही दाबून पाहते. नरमच असतो. बायांनी मला विचारलं, ताई, आता बसायचं का? मी सगळ्यांसमोर सांगितलं, बसा, गाडी नीट झाली, मी स्वतः पाहिली आहे. माझ्या शब्दावर त्या बसतात.

मी बसत नाही, बा. पहिल्या दिवशी म्हणाले, दळण साठलंय. दुसऱ्या दिवशीही तेच. आता कोणी विचारत नाही, पुढच्या सीटवर ती कोपर खरचटलेली बसते. गाडी निघते आणि मी गिरणीच्या दारात उभी राहते. मोटर चालू करत नाही, नाहीतर ऐकू येणार नाही. उतार लागल्यावर भाऊ गेअर खाली घेतो ते ऐकते, वळण ऐकते, पूल ओलांडून आवाज पलीकडच्या चढाला लागतो तेव्हा कुठे आत येऊन बसते. दळण बिळण काही साठलेलं नसतं. मले भेव वाटते, बा. तुले सांगून झालं. चारचौघांत अजून सांगितलं नाही.